टोपण

परवा मावशीकडे गेले होते. बोलता बोलता तिने डाव्या हाताचं बोट पुढे केलं आणि म्हणाली, "इथे टोचली होती बघ." १९९२ सालची गोष्ट. मावशी तेव्हा एका सरकारी रुग्णालयात सिस्टर होती. इंजेक्शन दिल्यावर टोपण लावताना सुई बोटात गेली. इन्चार्ज बाईंनी विचारलं, "लक्ष कुठे होतं?" झालं, चौकशी संपली! पुढचे सहा महिने, शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत, तिने घरात कोणालाही सांगितलं नाही. फक्त स्वतःचं ताट-वाटी वेगळं घासायची. तसं काही पसरत नाही हे तिला ठाऊक होतं, तरीही. आम्हाला वाटायचं, हिला स्वच्छतेचं वेड लागलंय.

घरी येऊन वाचत बसले. १८४७ मध्ये व्हिएन्नात प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदन करत असताना विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली आणि ते दगावले. त्यांचा मित्र सेमेलवाइस याने त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला. बाळंतज्वराने मरणाऱ्या बायकांच्या शरीरात हेच तर दिसतं! त्याने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणी वाचू लागल्या. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण ज्याला लागलं, त्याला लागूच नये म्हणून काय करायचं?

हा प्रश्न ऐरणीवर यायला एड्स यावा लागला. सुई टोचून एचआयव्हीची लागण झाल्याची पहिली नोंद १९८४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. ती एक नर्सच होती. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने सांगितलं, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका. मावशीला मात्र ट्रेनिंगमध्ये उलटं शिकवलेलं: सुई उघडी ठेवायची नाही.

मग १९८८ मध्ये जेनिन जॅगर या संशोधक बाईंनी सहकाऱ्यांबरोबर एका विद्यापीठ रुग्णालयातल्या अशा ३२६ जखमा तपासल्या. एक तृतीयांश जखमा टोपण लावण्याशी संबंधित होत्या. पण लोक टोपण लावत का होते? उघड्या सुया हातात घेऊन डब्यापर्यंत जाणं त्यांना जास्त धोक्याचं वाटायचं म्हणून! म्हणजे काळजी घेतानाच टोचत होतं. बाईंचं म्हणणं असं, की हाताला दोष देण्यापेक्षा सुईची रचना बदला. २००० मध्ये अमेरिकेत तसा कायदाही झाला. सुरक्षित सुया निवडताना त्या वापरणाऱ्यांचं मत घ्यायचं, असं त्यात लिहिलंय.

आपल्याकडे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये आले. २०१६ च्या नियमांत सुयांसाठी न भोसकणारा पांढरा डबा आहे आणि कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी ची लस देणं बंधनकारक आहे.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "धाकटीला सांग." आमची एक भाची यंदा नर्सिंगला गेली आहे. तर बाळा, वाचत असशील तर: टोचलं तर बोट पिळू नकोस, साबण-पाण्याने धू आणि लगेच जाऊन सांग. औषध काही तासांत सुरू व्हायला हवं, ७२ तासांनंतर उपयोग नसतो. कोणी विचारलं "लक्ष कुठे होतं?", तर म्हणावं, पेशंटकडे.