बंबाचं धुराडं गेलं कुठे?

गेल्या डिसेंबरमधल्या एका रविवारची गोष्ट. येऊरच्या डोंगरावरून गार वारं सुटलं होतं. वर्तकनगरात एवढी थंडी म्हणजे आमच्यासाठी काश्मीरच! रूममेट अंघोळीला गेला आणि वीसेक मिनिटांनी भिंत धरून बाहेर आला. डोकं जड, मळमळ, पायांत जोर नाही. "ॲसिडिटी असेल रे," म्हणाला. मी आत डोकावलो. थंडी वाजते म्हणून खिडकी घट्ट लावलेली आणि भिंतीवर गॅस गीझर. त्याला आधी गॅलरीत बसवलं, मग रिक्षाने दवाखान्यात. ऑक्सिजन लावल्यावर तासाभरात गडी बोलायला लागला.

तो सावरला, पण माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला. गरम पाण्याने अंघोळ आपण पिढ्यान्‌पिढ्या करतोय. मग हे संकट आलं कुठून?

माझ्या आज्जीकडे वाईला तांब्याचा बंब होता. तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. खाली जाळ, मधोमध उभी नळी, नळीभोवती पाणी. गोवऱ्या, करवंट्या, ढलप्या, जे मिळेल ते आत. धूर नळीतून वर जाता जाता पाणी तापवायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर हा 'फायर-ट्यूब बॉयलर'. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तिच्या इंजिनातलं तत्त्व हेच! मुख्य म्हणजे बंबाला धुराडं होतं, आणि बंब असायचा परसात. धूर डोळ्यांत जायचा, त्यामुळे बंब न्हाणीघरात नेऊन दार लावून घ्यावं असं कुणाला सुचणंच शक्य नव्हतं.

आता जरा लंडनला जाऊ. 1868 साली बेंजामिन वॅडी मॉघन नावाच्या रंगकाम करणाऱ्या माणसाने गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र काढलं. आइसलँडमधल्या 'गेसिर' या उकळत्या कारंज्यावरून त्याला नाव दिलं 'गीझर'. नाव झकास, यंत्रात एक खोट. जळलेला वायू बाहेर न्यायला नळीच नव्हती! म्हणजे गॅस गीझरचा जन्मच बिनधुराड्याचा.

आपल्याकडे सिलेंडरचा गॅस 1955 मध्ये बर्मा-शेलने मुंबईत आणला. पुढे कित्येक वर्षं कनेक्शनसाठी नंबर लावावा लागायचा, त्यामुळे पाणी बंबावर, स्टोव्हवर किंवा विजेवर. मग गॅस सहज मिळू लागला. 2005 नंतरच्या लोडशेडिंगच्या दिवसांत मी शाळेत होतो. सकाळी वीज नाही म्हणजे गरम पाणी नाही. छोटा गॅस गीझर हा त्यावरचा सोपा उपाय होता. स्वस्त, भिंतीला टांगला की झालं. बंब परसातून थेट बाथरूममध्ये आला, आणि येताना धुराडं गाळून आला.

बरं, आता थोडं गणित (सवय जात नाही!). मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला साधारण 10 किलोवॅट लागतात. त्यासाठी मिनिटाला 13 ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो आणि दीडशेहून जास्त लिटर हवेतला ऑक्सिजन संपतो. 4 बाय 6 फुटांच्या, 8 फूट उंच बाथरूममध्ये हवा असते फार तर 5,400 लिटर. नवी हवा आली नाही तर दहा मिनिटांत जवळपास तिसरा हिस्सा गेला. पण त्याच्या आधीच ऑक्सिजन कमी पडून गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो.

गंमत अशी की गळती कळावी म्हणून सिलेंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही, रंगही नाही. "वास आला नाही, म्हणजे ठीक" हा हिशेब इथे चुकतो. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने 1890 च्या दशकात हा वायू स्वतः हुंगून लक्षणं टिपली आणि खाणीत धोका ओळखायला छोटे प्राणी-पक्षी न्यायला सुचवलं. ब्रिटिश खाणींमध्ये कॅनरी पक्षी 1986 पर्यंत होते. आपल्या बाथरूममध्ये पक्षी नसतो, आपणच असतो. जानेवारी 2020 मध्ये बोरिवलीत एक शाळकरी मुलगी अशीच अंघोळीला गेली आणि बेशुद्ध सापडली. काही दिवसांनी ती गेली.

असो. त्याच आठवड्यात घरमालकांशी बोलून आम्ही गीझर गॅलरीत हलवला, आता आत फक्त पाण्याचा पाइप येतो. तुमच्याकडे ते शक्य नसेल तर निदान एवढं करा: खिडकी उघडी ठेवून, दार सताड उघडं टाकून बादली भरा, गीझर बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या, मग आत जा. ज्योत निळी सोडून पिवळी दिसली तर गीझर वापरू नका, दुरुस्तीवाल्याला बोलवा. आणि अंघोळीत डोकं जड झालं तर ॲसिडिटीचा विचार नंतर, आधी बाहेर या.

गीझर हलवेपर्यंतचे चार दिवस रूममेटने बादलीवरच काढले. कुरकुरत, पण काढले.