शिकारीचं ओझं आणि दप्तरातल्या नोंदी

बदकांची शिकार म्हटली की साहेब, बंदुका आणि सामानाची बैलगाडी डोळ्यांपुढे येते. परभणी, म्हणजे तेव्हाच्या निजामी मुलखाचा विषय घेतला असेल तर फासेपारध्यांकडेही बघा. त्यांचं सामान खांद्यावर मावायचं: दोरीचे फास, पिंजऱ्यात पाळलेला तितर. त्याच्या हाकेवर रानातले तितर येत. गायपारधी तर शिकवलेल्या गायीच्याच आडून पुढे सरकत.

पाण्यातल्या बदकांसाठी आपल्या देशात मडकीही वापरली गेली. आधी रिकामी मडकी तरंगत सोडायची. पक्षी सरावले की एक मडकं डोक्यावर घालून पाण्यात शिरायचं आणि बदकाचे पाय खाली ओढायचे.

आता दप्तराची गंमत (गंमत कसली!). साहेबाची गाडी शिकारीच्या आठवणींत सापडते. ब्रिटिश मुलखातला पारधी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानंतर पोलिसांच्या कागदांतही. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, आणि उरलेला फासही मुद्देमाल ठरू लागला.