माल कारंज्याला, कागद वाशिमला

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या मानोऱ्याच्या एस.टी. स्टँडवर उभं राहिलं की दोन गाड्यांच्या पाट्या हमखास दिसतात. एक मंगरूळपीरवरून वाशिमला जाणारी, दुसरी कारंज्याला जाणारी. 1 जुलै 1998 रोजी अकोल्याचं विभाजन होऊन वाशिम जिल्हा झाला, तेव्हा माझे वडील एवढंच म्हणाले, ‘‘चला, आता माल कारंज्याला अन् कागद वाशिमला.’’ तोवर आमचे कागद अकोल्याला जात. माल मात्र त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून कारंज्याच्याच वाटेला लागलेला. वडिलांचं ते वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढं या दोन गावांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा कळलं की त्यांनी सोळाशे वर्षांचा हिशेब एका वाक्यात सांगितला होता.

आधी वाशिमकडे पाहू. त्याचं जुनं नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकात वाकाटकांच्या एका शाखेनं इथं आपली राजधानी केली. याच घराण्यातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट 1939 मध्ये वाशिमलाच सापडला. पुढं हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची काही उत्तम लेणी कोरली गेली. त्यातलं 16 क्रमांकाचं लेणं त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं करवलं. राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं, तेही वत्सगुल्मातच. वाकाटक गेले, तरी सरकारदरबाराचं या गावावरचं प्रेम आटलं नाही. अकबराच्या काळी वऱ्हाडातल्या एका ‘सरकारा’चं हे मुख्य ठिकाण होतं. इंग्रजांनीही त्याला जिल्हा केलं आणि 1905 मध्ये तो मोडला. मग त्र्याण्णव वर्षांनी पुन्हा जिल्हा! म्हणजे वाशिमचं नशीब सरकारी हुकुमानं उघडतं आणि सरकारी हुकुमानंच मिटतं.

याचा अर्थ वाशिमला कसब नव्हतं असा नाही. 1769 च्या कनकापूरच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी पेशव्यांना दरसाल 5 हजार रुपयांचं कापड द्यावं, असं एक कलम होतं. ते कापड वाशिम आणि बाळापूरच्या मागांवरचं. पुण्याच्या दरबाराला ज्याची ओढ वाटावी, असं कापड इथले विणकर विणत होते. गिरणीचं कापड आलं आणि ते माग बसले. कचेरी तेवढी राहिली.

आता कारंजा. या गावाला राजधानीचा मान कधी मिळाला नाही. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून भाविक तिथं जातात. पण गावाचा पिंड व्यापाऱ्याचा. एक दंतकथा सगळ्यांना ठाऊक आहे. कस्तुरी घेऊन आलेल्या एका परदेशी सौदागराला कुठंच गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा कारंज्याच्या एका सावकारानं सगळी कस्तुरी विकत घेतली आणि हवेलीच्या चुन्यात कालवून टाकली! गोष्ट खरी धरू नका. पण ती कारंज्याबद्दलच सांगितली गेली, हे लक्षात घ्या. 1670 च्या ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस शिवाजी महाराज वऱ्हाडात उतरले ते कारंज्यावर. तिथली लूट नेण्यासाठी 4 हजार बैल आणि गाढवं लागली, असं जदुनाथ सरकारांनी लिहिलं आहे. सुरतेनंतर ज्या गावाचा नंबर लागावा, त्या गावाच्या तिजोऱ्या केवढ्या असतील!

हा पैसा नुसता तिजोरीत राहिला नाही. कारंज्यात जैन भट्टारकांची पीठं नांदली. व्यापाऱ्यांच्या दानावर तिथं हस्तलिखितांचे भांडार उभे राहिले. त्यातले अपभ्रंश भाषेतले ग्रंथ 1930 च्या दशकात डॉ. हिरालाल जैन, प. ल. वैद्य यांच्यासारख्या पंडितांनी संपादून छापले, तेव्हा मराठीच्या आधीच्या भाषेचा मोठा ठेवा जगापुढं आला. हा ठेवा बाजारपेठेनं जपला होता.

पुढं कापसाचं युग आलं. लांकशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला अरुंद रुळांची गाडी धावू लागली. तीच आपली शकुंतला. 1901 च्या शिरगणतीत कारंज्याची वस्ती साडेसोळा हजारांच्या आसपास होती, तर जिल्ह्याचं ठाणं असलेल्या वाशिमची चौदा हजारांच्या आत. बाजारानं कचेरीला मागं टाकलं होतं.

2011 च्या जनगणनेत मात्र चित्र उलटलं. वाशिम सुमारे 78 हजार, कारंजा सुमारे 68 हजार. मधल्या काळात काय घडलं? खांडवा-हिंगोली रेल्वेनं वाशिमला उत्तर-दक्षिण मार्गावर आणलं, आणि 2008 मध्ये वाशिमवरून जाणारे रूळ रुंद झाले. शकुंतला मात्र जिथल्या तिथं राहिली. वाफेचं इंजिन 1994 मध्ये गेलं, डिझेल आलं, आणि आता तर ती गाडीच बंद आहे. 1972 पासून एकाधिकार योजनेत कापसाची खरेदी सरकारकडे गेली. म्हणजे मालाचाही कागद झाला! त्यावर 1998 साली जिल्ह्याची कचेरी आली. बदलून आलेले साहेब, कॉलेजात शिकणारी पोरं, कोर्टाच्या तारखा, दवाखाने, भाड्याच्या खोल्या... कचेरीच्या मागोमाग वस्ती येतेच.

मग वाशिम जिंकलं का? वस्ती वाढणं वेगळं आणि गावाला बरकत येणं वेगळं. जिल्हा होऊन वीस वर्षं झाली, आणि 2018 मध्ये नीती आयोगानं देशातल्या मागास जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ असं गोड नाव देऊन जी यादी केली, तिच्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे होते. त्यात वाशिम होतं. कचेरी पगार आणते, धंदा आणतेच असं नाही.

आता कारंज्याची पाळी पुन्हा आली असं काहीजण म्हणतात. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो कारंज्याजवळून जातो आणि तिथं उतरायला वाटही आहे. पण मला एक शंका आहे. बैलांचे तांडे जात, ते मुक्काम करीत. मुक्कामाला चारा लागे, दोर लागे, सावकार लागे. शकुंतला कारंज्याला थांबे आणि गाठी भरून घेई. महामार्गावरचा ट्रक कारंज्यापाशी न थांबताही मुंबईला पोचतो. नुसती वाट जवळून गेल्यानं गाव मोठं होत नाही. माल तिथं थांबावा लागतो, त्याचं रूप तिथं पालटावं लागतं. कापसाची गाठ व्हावी, सोयाबीनचं तेल व्हावं, तुरीची डाळ व्हावी. जुन्या वाशिमात सुताचं कापड होई, म्हणून त्याला दरबारी मागणी होती. जुन्या कारंज्यात तर दानाच्या पैशातून ग्रंथ उभे राहिले.

हे बोलायचा अधिकार मानोऱ्याला आहे का, असं कुणी विचारील. आमच्याकडे ना कधी रेल्वे आली, ना राजधानी. पण मुलखाचा माल ज्यांनी बैलांच्या पाठीवरून वाहिला, त्या बंजारा समाजाची काशी, पोहरादेवी, आमच्याच तालुक्यात आहे. रामनवमीला तिथं कुठकुठून माणसं येतात! रेल्वेनं या लोकांच्या पाठीवरचा माल काढून घेतला, तेव्हा त्यांच्यासाठी कुठल्या कचेरीत कागद निघाला नाही. त्यांनी मिळेल ती जमीन कसली, मिळेल तिथं ऊस तोडला. 2024 मध्ये पोहरादेवीला बंजारा विरासतीचं मोठं संग्रहालय उभं राहिलं, याचा आनंद आहे. पण त्या तांड्यांवरची पोरं आजही बॅग घेऊन मानोऱ्याच्या स्टँडवर उभी असतात, आणि त्यांची गाडी वाशिमला किंवा कारंज्याला संपत नाही. पुढं पुण्याची पाटी लागते.

दोन्ही शहरांना माझं इतकंच मागणं आहे. आपसात कोण मोठं, हे ठरवण्याआधी त्यांनी त्या पोरांकडे एकदा बघावं. ज्या गावात त्यांचं पाऊल मुक्कामाला थांबेल, ते गाव मोठं. वडील आज असते तर त्यांनी वाक्य थोडं वाढवलं असतं : माल कारंज्याला, कागद वाशिमला, पण माणूस कुठं?