आजोबांच्या घड्याळातले ठिपके

आजोबा बोटीवर होते. त्यांचं डायव्हिंगचं घड्याळ माझ्याकडे आलं तेव्हा तबकडीवरचे ठिपके चहाच्या डागासारखे पिवळट झाले होते, केसच्या कडा खरचटलेल्या होत्या. पहिल्या पगारात मी ते 'नवं' करून घेतलं. केस घासून लखलखीत झाली, ठिपके पुन्हा रंगवले गेले. मी जाम खूश! आपण काय घालवलं, ते जुन्या घड्याळांचा नाद लागल्यावर कळलं.

हे ठिपके मुळात शोभेचे नव्हतेच. १९५३ साली ब्लांपँचं 'फिफ्टी फॅदम्स' आलं. कंपनीचे प्रमुख जाँ-जाक फिश्टर स्वतः पाण्याखाली उतरणारे. गढूळ पाण्यात किती मिनिटं झाली हे दिसलं नाही, तर टाकीतल्या हवेचा हिशेब चुकतो. म्हणून मोठे चमकणारे ठिपके आणि बाहेर मिनिटांची फिरती कडी. त्याच दशकात रोलेक्सनं पॅन अ‍ॅमच्या वैमानिकांसाठी 'जीएमटी-मास्टर' काढलं. त्यातला चौथा काटा २४ तासांत एक फेरी घेतो. कडी फिरवली की दुसऱ्या देशाची वेळ. आपल्या साडेपाच तासांच्या फरकासाठी ती तासांच्या दोन खुणांच्या मधोमध आणायची.

अंधारात चमकायला तेव्हा रेडियम वापरत. त्याची किंमत आधीच कुणीतरी मोजली होती. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरत. रेडियम हाडांत गेलं, जबडे सडले. १९२७ साली त्यांतल्या पाच जणी कोर्टात गेल्या, पुढच्या वर्षी तडजोड झाली. तरी घड्याळांत रेडियम आणखी काही दशकं टिकलं. मग सौम्य ट्रिटियम आलं.

रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. तरी जुन्या तबकड्या आज अंधारात चमकत नाहीत. रेडियम संपलेलं नसतं. त्याच्या माऱ्यानं सोबतचं झिंक सल्फाइड निकामी झालेलं असतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य बारा वर्षांच्या आसपास, त्यामुळे ते खरंच विझत जातं. म्हणून संग्राहक विझलेल्या, पिवळ्या पडलेल्या ठिपक्यांना जास्त पैसे देतात आणि पॉलिश केलेल्या केसला कमी. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत तो लॉग असतो: घड्याळ कधीचं, कुठे उन्हात राहिलं, कुठे आपटलं.

आजोबांचा लॉग मी पैसे देऊन पुसला. ते ठिपके रेडियमचे होते की ट्रिटियमचे, हे आता कळायला मार्ग नाही. कडेवरचा तो खोल चरा कुठल्या बंदरात पडला, हेही त्यांना कधी विचारलं नव्हतं.

परवा घड्याळ ऑफिसच्या दाराला आपटलं. बारीक ओरखडा पडलाय. तो तसाच ठेवलाय.