३८३ आणि वडिलांचे आठ रॉड

पोट कोडवर भरतं, पण डिग्री मेकॅनिकलची. म्हणून मिशिगनमधल्या ऑफिसातल्या मित्राने गॅरेजमध्ये खोललेलं शेवरोलेचं इंजिन दाखवलं, तेव्हा मी आपोआप फुकटचा सल्लागार झालो. इंजिन त्याच्या दिवंगत वडिलांच्या गाडीचं, ३५० क्युबिक इंचांचं. त्याला त्याचं ३८३ करायचं होतं, पण कनेक्टिंग रॉड वडिलांचेच ठेवायचे होते.

हे ३८३ मुळात कंपनीचं नव्हे, गॅरेजवाल्यांचं. १९५५ साली शेवरोलेचं छोटं व्ही-८ आलं ते २६५ क्युबिक इंचांचं. रॉड ५.७ इंची. पुढे २८३, ३२७, ३५० आले, रॉडची लांबी तीच. १९७० च्या ४०० मध्ये स्ट्रोक ३.७५ इंच झाला आणि रॉड आखडून ५.५६५ वर आला. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं: ४०० चा क्रँक ३५० च्या ब्लॉकमध्ये बसवला तर? त्याचे मेन जर्नल २.६५ वरून २.४५ इंचांवर टर्न करायचे, बोअर ४.०३ करायचा. गुणाकार करून बघा, ३८३ येतं.

वाद रॉडवर. आखूड रॉड जास्त तिरका होतो, पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीवर दाबतो. डेटोना बीचचा मेकॅनिक स्मोकी यूनिक म्हणायचा, बसेल तेवढा लांब रॉड घाला. त्यामुळे ६ इंची रॉडची क्रेझ आली. पण रॉड लांबला की पिस्टन पिन वर सरकते आणि ऑइल रिंगच्या खाचेत घुसते.

मी रात्री पायथनमध्ये हिशेब मांडला. सगळ्यात वरच्या बिंदूवर पिस्टनचं त्वरण ३५० पेक्षा साधारण १० टक्क्यांनी वाढतं, ते स्ट्रोकमुळे. ५.७ ऐवजी ६ इंची रॉड घातला तर त्यातून वाचतं जेमतेम सव्वा टक्का. उलट ६००० आरपीएमवरून ७००० ला गेलात तर ताण ३६ टक्क्यांनी वाढतो, आणि तो ताण शेवटी रॉडचे बोल्ट झेलतात. लांबीवर एवढी भांडणं, आणि बोल्टबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही!

म्हणजे वडिलांच्या रॉडची लांबी चालली असती. पण त्या लोखंडाने चाळीस वर्षं ताण खाल्ला होता. शिवाय लांब स्ट्रोकमुळे बोल्टचं डोकं कॅमशाफ्टला घासायला येत होतं, ते घासून कमी करायचं म्हणजे जिथे ताकद हवी तिथलंच लोखंड काढायचं. हे त्याला सांगणं गणितापेक्षा अवघड गेलं. तो बराच वेळ एक रॉड फडक्याने पुसत राहिला. मग म्हणाला, "बाबा असते तर मला शिव्या घातल्या असत्या."

रस्त्यावरची गाडी, म्हणून नवे फोर्ज्ड रॉड ५.७ चेच घेतले, बोल्ट मात्र चांगले. ब्लॉकच्या खालच्या कडा ग्राइंडरने कोरल्या, प्रत्येक रॉडशेजारी पेपरक्लिप सरकवून फट तपासली. जुने आठ रॉड तेल लावून डब्यात ठेवलेत. त्यांच्यावर वडिलांनी पंचने ठोकलेले आकडे आहेत. पाचाचा आकडा जरा वाकडा आलाय.