धुराची वर्दी

रानांतला वणवा जितका लवकर दृष्टीस पडेल तितकें गांव सुरक्षित, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेंतील वणव्यांचा इतिहास पाहिला तर ही समजूत निम्मीच खरी ठरते.

१९१० सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २० व २१ या तारखांना आयडाहो व माँटॅना या संस्थानांत सोसाट्याचा वारा सुटला, ठिकठिकाणच्या लहानसहान आगी एकमेकींस मिळाल्या, आणि सुमारें ३० लक्ष एकर मुलूख भस्मसात् झाला. ८० हून अधिक माणसें दगावलीं; त्यांतले बहुतेक आग विझविण्यासाठींच गेलेले होते. सरकारी वनखातें तेव्हां अवघें पांच वर्षांचें होतें. या आघातानंतर त्यानें डोंगरमाथ्यांवर टेहळणीच्या चौक्या वाढविल्या, आणि ऑस्बर्न नांवाच्या वनाधिकाऱ्यानें त्याच दशकांत त्यांच्यासाठीं एक साधें यंत्र सिद्ध केलें. वाटोळ्या तबकावर त्या प्रदेशाचा नकाशा, नकाशाच्या मध्यबिंदूवर ती चौकी, कडेला अंशांच्या खुणा व नेम धरण्यासाठीं फिरतें कडें. धूर दिसला कीं पहारेकऱ्यानें नेम धरावा, अंश वाचावेत व टेलिफोनवरून कळवावेत. दुसऱ्या चौकीवरून तोच धूर निराळ्या दिशेला दिसे; दोन रेषा नकाशावर जेथें छेदतील तेथें आग. शाळेंत भूमितीचा ज्यांना कंटाळा आला असेल त्यांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें!

पुढें पहारेकरी आकाशांत गेला. १९९९ च्या डिसेंबरांत सोडलेल्या ‘टेरा’ उपग्रहावरील मोडिस हें उपकरण जमिनीची उष्णता मोजूं लागलें. सुमारें एक किलोमीटर लांबीरुंदीच्या एकेका चौकोनाचा एकेक आंकडा. शेजारच्या चौकोनांहून जो फारच तप्त, तेथें आग असावी असें संगणकानें ठरवावयाचें. २०११ सालीं निघालेल्या ‘सुओमी’ उपग्रहानें तो चौकोन ३७५ मीटरांवर आणला. परंतु असा उपग्रह दिवसांतून मोजक्याच वेळां माथ्यावरून जातो, आणि दाट ढगांपुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. म्हणून कॅलिफोर्नियांत पहारा पुन्हां डोंगरावर आला. तेथें एक हजाराहून अधिक कॅमेरे बसले, व २०२३ पासून त्यांच्या चित्रांतला धूर संगणकच हुडकून अग्निशामक खात्याला दाखवूं लागला. दोन कॅमेऱ्यांच्या रेषा छेदून ठिकाण काढणें, ही मात्र ऑस्बर्नचीच रीत.

आतां उरलेली निम्मी गोष्ट. ८ नोव्हेंबर २०१८ रोजीं कॅलिफोर्नियांतील पॅरडाइझ या गांवापासून कांहीं मैलांवर सकाळीं साडेसहाच्या सुमारास वणवा पेटला. त्याची खबर लागण्यास विलंब झाला नव्हता. गांवाचे विभाग पाडलेले होते, प्रत्येक विभागास टेलिफोनवर इशारा देण्याची योजनाही तयार होती. पण पुष्कळांनीं त्या योजनेंत आपला क्रमांकच नोंदविलेला नव्हता. कांहीं विभागांना इशारा गेलाच नाहीं. आणि संदेश पोंचविणारे मोबाईलचे मनोरेही आगीनें गिळले. ८५ माणसें मेलीं, त्यांत वृद्धांचाच भरणा मोठा.

पांच वर्षांनीं, ८ ऑगस्ट २०२३ रोजीं, हवाई बेटांतील लाहायना शहर जळालें, तेव्हां वीज व मोबाईल हीं दोन्ही कित्येक ठिकाणीं बंद पडलीं होतीं. भोंगे होते, पण ते वाजविलेच नाहींत. भोंगा ऐकून समुद्राची लाट आली असें लोक समजतील व डोंगराकडे, म्हणजे आगीच्याच तोंडीं धांवतील, असें त्या खात्याच्या प्रमुखानें मागाहून सांगितलें. तेथें सुमारें १०० माणसें गेलीं. जीं वांचलीं त्यांपैकीं कित्येकांना पहिली वर्दी मिळाली ती आपल्याच दारांतून दिसलेल्या धुराची.