तरुणांचा पक्षाघात आणि गळ्यांतील धमनी

'अंगावरून वारें गेलें' हा शब्दप्रयोग आमच्या शहाडास अजून कानीं पडतो. वृद्धाविषयीं तो ऐकला तर कोणास फारसें नवल वाटत नाहीं. परंतु मधुमेह ना रक्तदाब अशा तिशींतल्या माणसाची वाचा एकाएकीं गेली, म्हणजे घरचीं माणसें भानामतीपर्यंत जाऊन पोहोंचतात. अशा वेळीं मूळ दोष कधीं कधीं गळ्यांतील धमनींत असतो, हें वैद्यकास उमगावयास फार काळ लागला.

सुश्रुतानें कंठनाडीच्या दोन्ही बाजूंस नीला व मन्या अशा चार धमन्या सांगून, त्यांस इजा झाल्यास मुकेपणा येतो, स्वर बिघडतो, चव कळत नाहीं, असें नोंदविलें. मन्या म्हणजेच आजची कॅरोटिड, असें छातीठोकपणें म्हणणें मला धाडसाचें वाटतें. पण गळ्याचा व वाचेचा संबंध त्याच्या नजरेंत आला होता खास. युरोपांत १६५८ सालीं वेप्फर या स्विस वैद्यानें, मेंदूकडे जाणारें रक्त अडल्यानेंही झटका येतो, असें मांडलें. पुढें मात्र शवविच्छेदनांत कवटी उघडीत आणि गळा बहुधा तसाच राही! १९५१ सालीं कॅनडांत फिशरनें गळ्यांतील धमन्या उघडून पाहिल्या, तेव्हां कित्येक रोग्यांत त्या बुजलेल्या आढळल्या.

तत्पूर्वीं, १९०८ सालीं, जपानांत ताकायासु या नेत्रवैद्यानें एका तरुणीच्या डोळ्याच्या आंतील पडद्यावर रक्तवाहिन्यांचें विचित्र जाळें पाहिलें. त्याच सभेंत इतर दोघांनीं सांगितलें कीं, अशाच डोळ्यांच्या आपल्या रोग्यांची मनगटाची नाडी लागत नाहीं. महाधमनी व तिच्या गळ्याकडील शाखा दाहानें अरुंद करणाऱ्या या रोगास मुख्यतः चाळिशीच्या आंतील स्त्रिया बळी पडतात, आणि आशियांत, आपल्या देशांतही, तो अधिक. नाडीपरीक्षेचा अभिमान मिरविणाऱ्या आपण दोन्ही हातांची नाडी पाहण्याचा कंटाळा करावा, हें मला खटकतें.

१९२७ सालीं लिस्बनमध्यें मोनिझनें गळ्यांतील धमनींत क्ष-किरणांस दिसणारें द्रव्य सोडून जिवंत माणसाच्या मेंदूंतील रक्तवाहिन्यांचें चित्र काढलें होतें. त्याच रीतीनें पुढें माळेच्या मण्यांसारखी आवळलेली-फुगलेली धमनी दिसली. आंतील अस्तर फाटून झालेला अडथळाही दिसला. मानेस हिसका बसल्यानें तें फाटूं शकतें. केशकर्तनालयांत मान कडाडून मोडून घेण्याची हौस असलेल्यांनीं हें ऐकून ठेवावें.

मुंबईंत डॉ. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशींच चित्रें पुनःपुन्हां काढून, मेंदूंत अडकलेली गुठळी कधीं आपोआप विरघळते, असें १९६५ सालीं दाखविलें. १९६८ सालीं पश्चिम-मध्य भारतांतील रोग्यांविषयींचा त्यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें आला. आज गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. तो काळ वाचा गेली त्या क्षणापासून मोजतात; भानामतीचा उतारा शोधण्यांत गेलेला वेळही त्यांतच धरला जातो.